विश्लेषण : ज्यांच्या नावाने आपण भूकंप मोजतो, ते रिश्टर कोण होते?

१० जुलै २०२४ रोजी सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी परभणी, हिंगोली आणि नांदेड जिल्ह्यांत जमीन हादरली. त्याआधी त्याच वर्षी २१ मार्चला सकाळी सहा वाजून गेल्यावर दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले होते. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या नोंदीनुसार मार्चमधला पहिला धक्का ४.५, दुसरा ३.६ आणि जुलैचा पुन्हा ४.५ एवढा होता. या धक्क्यांचे केंद्रबिंदू हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्याच्या परिसरात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा होईपर्यंत हा भाग परभणी जिल्ह्यातच मोडत असे. धक्का बसल्यावर गावोगावी पहिला प्रश्न विचारला गेला तो ‘किती रिश्टरचा होता?’ हाच. अंदमानजवळ समुद्रात भूकंप झाल्याची बातमी येते तेव्हाही हाच आकडा पाहिला जातो. पण हा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही? ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, त्या चार्ल्स रिश्टर यांचे आयुष्य हाच फरक समजावण्यात गेले.

चार्ल्स रिश्टर यांची सुरुवात कशी झाली?

चार्ल्स फ्रान्सिस रिश्टर यांचा जन्म २६ एप्रिल १९०० रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात हॅमिल्टन गावाजवळच्या शेतवस्तीवर झाला. आई-वडील वेगळे झाल्यामुळे चार्ल्स आजोळी वाढले. आज जगभर पोहोचलेले रिश्टर हे आडनावही त्यांच्या आईच्या माहेरचे. १९०९ मध्ये आजोबा कुटुंबासह कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिसला राहायला गेले. भूकंप ही जिथे नेहमीची बाब आहे अशा भूमीत हा मुलगा अशा रीतीने वयाच्या नवव्या वर्षी पोहोचला.

मात्र लहानपणी त्यांचे लक्ष जमिनीपेक्षा आकाशाकडे अधिक होते. ताऱ्यांचे निरीक्षण हा त्यांचा छंद होता. स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९२० मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतरचा काळ कठीण गेला. मानसिक आजारामुळे त्यांना उपचार घ्यावे लागले. बरे होत असताना त्यांनी संग्रहालयात निरोप्याचे आणि हार्डवेअरच्या गोदामात कारकुनाचे काम केले. पुढे नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांची व्याख्याने ऐकून ते पासाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच कॅलटेकमध्ये दाखल झाले. १९२८ मध्ये त्यांनी सैद्धांतिक भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी लिलियन ब्रँड यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

ते भूकंपशास्त्राकडे कसे वळले?

ठरवून वळले नाहीत. डॉक्टरेट पूर्ण व्हायच्या आधीच, १९२७ मध्ये, मिलिकन यांनी त्यांना पासाडेनातील भूकंप प्रयोगशाळेत सहायकाची जागा असल्याचे सांगितले. काही काळ ही नोकरी करू आणि मग आपल्या विषयाकडे परतू, असा रिश्टर यांचा विचार होता. तो काही काळ ४३ वर्षांचा झाला.

प्रयोगशाळेचे प्रमुख हॅरी वुड यांनी दक्षिण कॅलिफोर्नियात भूकंपनोंदणी केंद्रांचे जाळे उभारले होते. या केंद्रांत वुड आणि खगोलशास्त्रज्ञ जॉन अँडरसन यांनी तयार केलेले यंत्र बसवलेले असे. बारीक तारेवर टांगलेले धातूचे छोटे वजन जमीन हलली की पीळ खाई आणि त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा किरण फोटोच्या कागदावर रेघ काढी. जमिनीची हालचाल या रेघेत हजारो पटींनी मोठी होऊन दिसे. दररोज येणाऱ्या या कागदांवरच्या रेघा वाचायच्या, वेळा जुळवायच्या आणि भूकंप कुठे झाला ते शोधायचे, हे रिश्टर यांचे काम होते.

वर्षाला दोनशे-तीनशे भूकंपांची नोंद होऊ लागली आणि त्यातून अडचण उभी राहिली. ही यादी जशीच्या तशी छापली तर कपातला चहाही न हलवणारा धक्का आणि घरे पाडणारा भूकंप एकाच ओळीत बसतील, लोकांचा गैरसमज होईल. प्रत्येक नोंदीसमोर भूकंप केवढा होता हे सांगणारा एखादा आकडा हवा होता.

तोपर्यंत भूकंप कसे मोजत असत?

परिणामांवरून. लोकांना काय जाणवले, भांडी पडली का, भिंतींना तडे गेले का, घरे कोसळली का, यावरून पायऱ्या ठरवल्या जात. इटलीतील ज्युसेप्पे मेरकाली यांच्या नावाने ओळखली जाणारी १ ते १२ पायऱ्यांची पद्धत यासाठी वापरात होती. हॅरी वुड यांनीच १९३१ मध्ये फ्रँक न्यूमन यांच्यासोबत तिची सुधारित आवृत्ती तयार केली. ही पद्धत उपयोगी आहे आणि आजही वापरली जाते. पण तिच्यात एका भूकंपाला एक आकडा मिळत नाही. केंद्राजवळच्या गावात आठवी पायरी, शंभर किलोमीटरवर चौथी, असे उत्तर मिळते. शिवाय भूकंप वाळवंटात किंवा समुद्रात झाला, तर परिणाम सांगायला माणूसच नसतो.

या मर्यादेची जाणीव करून देणारा भूकंप १० मार्च १९३३ रोजी घडला. त्या संध्याकाळी ५ वाजून ५४ मिनिटांनी लाँग बीच शहराच्या आग्नेयेला, किनाऱ्यालगत समुद्रात केंद्रबिंदू असलेल्या भूकंपाने दक्षिण कॅलिफोर्निया हादरला. पुढे त्याचे परिमाण ६.४ एवढे ठरवले गेले. जागतिक नोंदींमध्ये तो फार मोठा नव्हता. तरीही शंभराहून अधिक माणसे दगावली आणि विटांच्या अनेक शाळा कोसळल्या. शाळा सुटलेल्या होत्या म्हणूनच अनर्थ टळला. महिन्याभरात कॅलिफोर्नियाने शाळांच्या बांधकामासाठी कडक कायदा केला. मध्यम आकाराचा भूकंपही कच्च्या बांधकामामुळे किती घातक ठरतो, हा धडा रिश्टर यांच्या डोळ्यांसमोर घडला आणि तो त्यांच्या सोबत आयुष्यभर राहिला.

मोजपट्टीची कल्पना कुठून आली?

समुद्राच्या काठावर वसलेल्या दुसऱ्या एका देशातून, जपानमधून. तिथले भूकंपशास्त्रज्ञ कियू वादाती यांनी १९३१ मध्ये जपानमधल्या भूकंपांचे आलेख प्रसिद्ध केले. केंद्रापासूनचे अंतर आणि प्रत्येक ठिकाणी जमीन जास्तीत जास्त किती हलली, यांची सांगड त्यांनी घातली होती. जपानचे बरेच भूकंप किनाऱ्याबाहेर होतात. तिथे महासागराचा तळ असलेला भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली बुडत जातो. आज या पट्ट्याला सबडक्शन झोन म्हणतात. केंद्र समुद्रात असले तरी जमिनीवरच्या यंत्रांवरून त्याचा पत्ता लावता येतो, हे जपानला रोजच्या अनुभवातून ठाऊक होते.

रिश्टर यांनी तीच पद्धत कॅलिफोर्नियाच्या नोंदींना लावली. पण इथे एक अडचण आली. लहान धक्क्याची रेघ आणि मोठ्या भूकंपाची रेघ यांत इतकी तफावत होती, की दोन्ही एका कागदावर मावेनात. १९३० मध्ये जर्मनीहून प्रयोगशाळेत आलेले बेनो गुटेनबर्ग यांनी मार्ग सुचवला. आकडे जसेच्या तसे न मांडता त्यांचे लॉगरिदम मांडावे, म्हणजे प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दहापट असेल. तसे केल्यावर वेगवेगळ्या भूकंपांच्या रेषा जवळजवळ समांतर झाल्या. दोन रेषांमधले अंतर हाच त्या दोन भूकंपांच्या आकारातला फरक ठरला.

मग सुरुवात कुठून करायची हे ठरवणे बाकी होते. केंद्रापासून १०० किलोमीटरवरच्या वुड-अँडरसन यंत्रावर एक मिलिमीटर उंचीची रेघ उमटली, तर त्या भूकंपाला ३ म्हणायचे, असे रिश्टर यांनी ठरवले. त्यामुळे बहुतेक लहान धक्क्यांनाही शून्याच्या वरचा आकडा मिळाला. परिमाणासाठी वापरलेला ‘मॅग्निट्यूड’ हा शब्द ताऱ्यांची तेजस्विता मोजणाऱ्या खगोलशास्त्रातून आला. हा शब्द वुड यांनी सुचवला आणि आकाशाची ओढ असलेल्या रिश्टर यांना तो मनापासून पटला. जानेवारी १९३५ मध्ये ही पद्धत शोधनिबंधातून प्रसिद्ध झाली.

हा आकडा नेमके काय सांगतो?

आकड्यात एकने वाढ झाली की यंत्रावरची रेघ दहापट मोठी होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. २१ मार्च २०२४ च्या दोन धक्क्यांमध्ये फरक केवळ ०.९ एवढा होता. म्हणजे पहिल्या धक्क्याची रेघ दुसऱ्याच्या सुमारे आठपट आणि ऊर्जा वीसपटीहून अधिक. याच हिशोबाने ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा ६.२ परिमाणाचा भूकंप हिंगोलीच्या ४.५ च्या धक्क्याच्या सुमारे साडेतीनशे पट ऊर्जेचा होता.

यातून आपल्याकडचा एक समज तपासता येतो. लहान लहान धक्के बसले की जमिनीतला ताण निघून जातो आणि मोठ्या भूकंपाचा धोका टळतो, असे अनेक जण म्हणतात. पण किल्लारीएवढी ऊर्जा बाहेर पडायची, तर ४.५ चे साडेतीनशे धक्के बसावे लागतील. एवढे धक्के कुठेच बसत नाहीत. रिश्टर आणि गुटेनबर्ग यांनीच १९४४ मध्ये दाखवले, की एखाद्या प्रदेशात परिमाण एकने वाढले तर भूकंपांची संख्या साधारण दहापटीने कमी होते. म्हणजे एका ५ मागे दहा ४ आणि शंभर ३. लहान धक्के मोठ्यांपेक्षा अधिक असतात खरे, पण मोठ्याची ऊर्जा संपवण्याइतके ते कधीच नसतात.

समुद्रातले भूकंप नकाशावर कसे आले?

मूळ मोजपट्टी फक्त दक्षिण कॅलिफोर्नियातल्या, जवळच्या आणि कमी खोलीच्या भूकंपांपुरती होती. गुटेनबर्ग आणि रिश्टर यांनी पुढच्या वर्षांत ती दूरच्या भूकंपांसाठी वाढवली. मग दोघांनी जगभरच्या केंद्रांतून आलेल्या नोंदी गोळा करून पृथ्वीवरच्या भूकंपांचा नकाशा तयार केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४९ मध्ये आले आणि १९५४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली.

या नकाशात भूकंप विखुरलेले नव्हते. पॅसिफिक महासागराच्या कडेने, चिलीपासून अलास्का, जपान, फिलिपिन्सपर्यंत त्यांची माळच लागली होती. दुसरी माळ सुमात्रा, निकोबार, अंदमानवरून म्यानमार आणि हिमालयाकडे जात होती. महासागरातल्या खोल चरांपासून जमिनीकडे जावे तसे भूकंप अधिकाधिक खोल होत जातात, हे जपानमध्ये वादाती यांनी आणि पासाडेनातच रिश्टर यांचे सहकारी ह्यूगो बेनिऑफ यांनी दाखवले. भूपट्टांचा सिद्धांत १९६० च्या दशकात मान्य झाला, तेव्हा हे नकाशे त्याचा भक्कम आधार ठरले. समुद्राचा तळ जिथे खाली बुडतो, त्या जागा भूकंपांनी आधीच आखून ठेवल्या होत्या.

भारताच्या दृष्टीने अंदमान-निकोबार हा असाच पट्टा आहे. भारतीय भूपट्टाचा समुद्राखालचा भाग तिथे पूर्वेकडे खाली बुडतो. त्यामुळे चार-पाच परिमाणाचे धक्के तिथे वरचेवर बसतात आणि त्यांच्या बातम्या आपल्याकडे येतात. बहुतेक वेळा त्यांनी काहीच बिघडत नाही. किनाऱ्यापासून दूर, पाण्याखाली काही किलोमीटर खोल झालेल्या पाच परिमाणाच्या धक्क्याने समुद्राचा तळ त्सुनामी उठण्याइतका उचलला जात नाही. हैदराबाद येथील भारतीय त्सुनामी इशारा केंद्र हिंद महासागरात साडेसहा किंवा त्याहून मोठा भूकंप झाला की सूचना प्रसृत करते, त्याचे कारण हेच. त्याच पट्ट्यात २६ डिसेंबर २००४ रोजी झालेला सुमात्राचा ९.१ चा भूकंप मात्र वेगळा होता. तिथे समुद्राचा तळ शेकडो किलोमीटर लांबीवर सरकला.

मग समुद्रातला पाच आणि कळमनुरीचा साडेचार यांत मोठा कोणता?

भूकंप म्हणून समुद्रातला पाच मोठा. परभणीकरांसाठी मात्र कळमनुरीचा साडेचार मोठा. परभणी शहरापासून कळमनुरी तालुका साठ-सत्तर किलोमीटरवर आहे, अंदमान सुमारे दोन हजार किलोमीटरवर. जवळच्या भूकंपात पहिली वेगवान लहर आणि तिच्यामागून येणारी जोरकस लहर यांत सात-आठ सेकंदांचेच अंतर राहते. अंदमानहून त्याच लहरी इथल्या यंत्रापर्यंत येतात तेव्हा त्यांच्यात तीन मिनिटांहून अधिक अंतर पडलेले असते आणि माणसाला त्या जाणवतही नाहीत.

हा फरक सांगताना रिश्टर रेडिओचे उदाहरण देत. प्रक्षेपण केंद्राची शक्ती किलोवॉटमध्ये सांगतात, ती एकच असते. पण आवाज किती स्पष्ट येतो, हे ऐकणारा किती दूर आहे आणि मध्ये काय आहे यावर ठरते. आपल्याकडे याचा अनुभव सर्वांना आहे. आकाशवाणी परभणीची शक्ती तीच असते, पण शहरात ती जशी ऐकू येते तशी दूरच्या गावात येत नाही. भूकंपाचे परिमाण म्हणजे केंद्राची शक्ती. आपल्या गावातला हादरा म्हणजे आपल्याकडे पोहोचलेला आवाज.

मराठीत हा घोळ भाषेमुळेही वाढला आहे. वर्तमानपत्रांत साडेचार तीव्रतेचा भूकंप असे लिहिले जाते. शास्त्राच्या भाषेत मात्र तीव्रता म्हणजे त्या-त्या गावात जाणवलेला हादरा आणि यंत्रावरून काढलेला आकडा म्हणजे परिमाण. एका भूकंपाचे परिमाण एकच असते, तीव्रता मात्र गावागणिक वेगळी. हिंगोली, वसमत, पूर्णा, परभणी इथे एकाच धक्क्याचे अनुभव वेगवेगळे असू शकतात आणि ते सारे खरे असतात.

रिश्टर यांच्या नावावरून वाद का झाला?

मोजपट्टीला आपले नाव रिश्टर यांनी दिलेले नव्हते. वृत्तपत्रांनी ते रूढ केले. कॅलिफोर्नियात धक्का बसला की पत्रकार प्रयोगशाळेत किंवा थेट त्यांच्या घरी फोन करत आणि रिश्टर उत्तर देत. घराच्या बैठकीच्या खोलीत त्यांनी भूकंपमापक यंत्रच बसवून घेतले होते. हळूहळू त्यांचे नाव आणि तो आकडा एक झाले. मोजपट्टी पाहायची आहे, असे म्हणून काही जण प्रयोगशाळेत येत, तेव्हा ती वस्तू नसून गणित आहे हे त्यांना समजावून सांगावे लागे. ही दहापैकी गुण देणारी पट्टी नाही, तिला वरची मर्यादा ठरवून दिलेली नाही, हेही ते पुन:पुन्हा सांगत.

या प्रसिद्धीत गुटेनबर्ग मागे पडले. लॉगरिदमची सूचना त्यांची, दूरच्या भूकंपांसाठी मोजपट्टी वाढवण्यात मोठा वाटा त्यांचा, पण सामान्य माणसाला त्यांचे नाव माहीत नाही. १९६० मध्ये त्यांचे निधन झाले. वुड आणि वादाती यांचाही वाटा विसरला गेला. शास्त्रज्ञांमध्ये याबद्दल नाराजी होती आणि ती गैर नव्हती.

रिश्टर स्वभावाने संकोची आणि काहीसे विक्षिप्त होते. डोंगरात भटकणे, वाचन आणि कविता लिहिणे यांत ते रमत. जुन्या भूकंपांच्या तारखा आणि तपशील त्यांना तोंडपाठ असत. १९५२ मध्ये ते कॅलटेकमध्ये प्राध्यापक झाले. १९५८ मध्ये आलेले त्यांचे भूकंपशास्त्राचे पाठ्यपुस्तक अनेक पिढ्यांनी वापरले. त्यात १८९७ चा आसामचा आणि १८१९ चा कच्छचा भूकंप यांची सविस्तर चर्चा आहे. १९५९-६० मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते जपानमध्ये राहून आले. ज्या देशातल्या आलेखांवरून मोजपट्टी सुचली, तिथले भूकंपशास्त्र त्यांना जवळून पाहता आले.

भूकंपाच्या भाकितांबद्दल त्यांची भूमिका काय होती?

अत्यंत कठोर. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक आकाराचा भूकंप होईल असे सांगणाऱ्यांवर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता. अशा भाकितांमुळे लोक घाबरतात आणि करण्याजोगी कामे बाजूला राहतात, असे त्यांचे मत होते. त्यांच्यानंतर इतकी वर्षे लोटली, पण भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची पद्धत कुणालाही सापडलेली नाही.

मराठवाड्यात हे लक्षात ठेवण्याची गरज आहे. वसमत, कळमनुरी, औंढा भागातल्या काही गावांत जमिनीतून येणारे गूढ आवाज आणि सौम्य धक्के गेली काही वर्षे चर्चेत आहेत. किल्लारी परिसरातही १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत लहान धक्के बसले होते आणि पुढच्या वर्षी मोठा भूकंप झाला. त्यामुळे लोकांच्या मनात भीती राहणे स्वाभाविक आहे. पण लहान धक्क्यांच्या अशा मालिका अनेक ठिकाणी येतात आणि बहुतेक वेळा मोठा भूकंप न होताच थांबतात. कोणती मालिका कशी संपेल, हे आधी कळत नाही. म्हणून आज रात्री भूकंप येणार असे सांगणारा मोबाइलवरचा संदेश खोटा असतो. आता भूकंप येणारच नाही असे छातीठोकपणे सांगणाराही तितकाच चुकीचा असतो.

शेवटच्या काळात त्यांनी कोणत्या कामावर भर दिला?

इमारतींवर. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमधल्या जुन्या इमारतींच्या दर्शनी भागावरचे जड नक्षीकाम, कंगोरे आणि कठडे काढून टाकावेत, यासाठी रिश्टर यांनी आग्रह धरला. भूकंपात इमारत उभी राहिली तरी वरून पडणारा दगड-विटांचा भाग खाली उभ्या माणसाचा जीव घेतो, हे ते सांगत राहिले. शहराने अनेक सार्वजनिक इमारतींवरचे असे भाग काढले. १९७० मध्ये ते निवृत्त झाले. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी पहाटे सॅन फर्नांडोचा ६.६ परिमाणाचा भूकंप झाला, तेव्हा या खबरदारीमुळे अनेक जीव वाचल्याचे शहर प्रशासनाने मान्य केले. निवृत्तीनंतरही भूकंपरोधक बांधकामाचा सल्ला देणाऱ्या कंपनीत ते काम करत होते.

दरम्यान त्यांच्या मोजपट्टीच्या मर्यादा पुढे आल्या होत्या. फार मोठ्या भूकंपांत यंत्रावरची रेघ एका मर्यादेपलीकडे वाढत नाही आणि आकडा अडून बसतो. १९७० च्या दशकात कॅलटेकमधलेच हिरू कानामोरी आणि त्यांचे सहकारी यांनी नवी पद्धत दिली. जमिनीतली भेग किती लांब-रुंद होती, किती सरकली आणि खडक किती कणखर होता, यावरून ती परिमाण काढते. १९६० चा चिलीचा भूकंप या पद्धतीने ९.५ ठरला. आज मोठ्या भूकंपांसाठी हीच पद्धत वापरली जाते. आकडे जुन्या मोजपट्टीशी जुळावेत असे तिचे गणित बसवले असल्याने रिश्टर हे नाव बोलण्यात टिकून राहिले.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, सबडक्शन पट्ट्यात, ८ परिमाणाचा भूकंप झाला. केंद्रापासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या मेक्सिको शहरात हजारो माणसे मेली, कारण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसलेला होता आणि त्या गाळाने हादरा कित्येक पटींनी वाढवला. दूर अंतरावरही जमीन आणि बांधकाम घात करू शकतात, हे पुन्हा दिसले. त्यानंतर अकरा दिवसांनी, ३० सप्टेंबर १९८५ रोजी, पासाडेना येथे रिश्टर यांचे निधन झाले. ते ८५ वर्षांचे होते.

परभणीसाठी यातून काय घ्यायचे?

बरोबर आठ वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि परिसरातली गावे जमीनदोस्त झाली. परभणीपासून हे अंतर सुमारे १३५ किलोमीटर आहे. आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. परिमाण होते ६.२, म्हणजे लाँग बीचच्या भूकंपापेक्षाही थोडे कमी. लाँग बीचला माणसे जागी आणि बरीचशी घराबाहेर होती, किल्लारीत ती गाढ झोपेत होती. शिवाय किल्लारीचा भूकंप कमी खोलीवर झाला. पण सर्वांत मोठा फरक घरांचा होता. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यांना बांधून ठेवणारे काही नाही आणि वर लाकडी तुळयांवर मातीचे जड माळवद. भिंती फाकल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले.

मराठवाडा कुठल्याही सबडक्शन पट्ट्यावर नाही. पण भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत हिमालयाशी रेटला जातो आहे आणि त्या रेट्याचा ताण काळ्या पाषाणाच्या थराखालच्या जुन्या, कमकुवत भेगांवर येतो. म्हणून इथले धक्के विरळ असतात, पण कमी खोलीचे आणि थेट वस्तीखालचे असतात. समुद्रातल्या पाच परिमाणाच्या धक्क्याला खोली आणि अंतर आवर घालतात. कळमनुरीच्या किंवा किल्लारीच्या धक्क्याला आवर घालायला फक्त घराच्या भिंती असतात.

मार्च २०२४ च्या धक्क्यांनंतर नांदेड जिल्हा प्रशासनाने एक साधे आवाहन केले होते. पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या. रिश्टर यांनी लॉस एंजेलिसमध्ये कठड्यांबद्दल धरलेला आग्रह तोच होता. पत्रे हूक आणि नट-बोल्टने पक्के करणे, जुन्या माळवदावरचा मातीचा थर कमी करणे, भिंतींच्या कोपऱ्यांत आणि जाडीत बांधदगड घालणे, नवे घर बांधताना दारे-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना जोडणारा सिमेंट-सळईचा सलग पट्टा देणे, शाळा आणि अंगणवाड्यांची आधी तपासणी करणे, ही सारी कामे आजच करता येतात. धक्का बसताना घराबाहेर उघड्यावर असलेल्याने भिंती, विजेचे खांब आणि तारांपासून दूर राहावे. आत असलेल्याने मजबूत टेबलाखाली आसरा घेऊन डोके झाकावे. माळवदाच्या किंवा कच्च्या घरात दार हाताशी असेल तर लगेच बाहेर मोकळ्या जागी यावे.

पुढच्या धक्क्यानंतरही किती रिश्टरचा होता, हे विचारले जाईलच. त्या आकड्यावरून भूकंप केवढा होता ते कळेल. घर टिकेल की नाही, हे मात्र त्या आकड्यातून कळणार नाही. त्याचे उत्तर भिंतीत, छपरात आणि पायात असते आणि ते धक्का बसण्याआधी तपासता येते.